मायोर्काची उलटी प्रदक्षिणा: मित्रांसोबत सायकलवरून बेट फिरायला निघण्याआधी

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का या स्पॅनिश बेटाला आम्ही चौघांनी एप्रिलमध्ये सायकलवरून फेरी मारली. नऊ दिवस, रोज साधारण पन्नास किलोमीटर, सामान सायकलवरच. आम्ही दोघी पुण्याच्या, एक मैत्रीण नाशिकची आणि शाळेपासूनचा एक मित्र, जो जर्मनीहून येऊन मिळाला. परत आल्यापासून सायकलवाल्या ओळखीच्यांचे फोन येतायत. व्हिसाचं काय केलंत, सायकल इथून नेली का, घाट जमतील का? प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहिते.

पहिली मोठी सहल म्हणून मायोर्काच का? बेट आहे साधारण ३,६४० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा जरासं लहानच. वायव्य किनाऱ्यावर त्रामुंताना डोंगररांग, तिच्यात चौदाशे मीटरहून उंच शिखर, बाकी बराच भाग सपाट किंवा हलक्या चढउताराचा. रस्ते गुळगुळीत, दर दहा-पंधरा किलोमीटरवर गाव, आणि तिथल्या मोटारवाल्यांना सायकलींची सवय. युरोपातले व्यावसायिक संघ हिवाळ्यात इथे सरावाला येतात. त्यामुळे भाड्याची चांगली सायकल, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस, तिन्ही सहज मिळतं.

१. महिना ठरवा

मार्च ते मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग, तेव्हा नको. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत बदाम फुलतो आणि मैदानी भाग पांढरा-गुलाबी होतो. पण त्या दिवसांत डोंगरात गारठा असतो, कधी बर्फही पडतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सावध राहा. तेव्हा ‘मायोर्का ३१२’ ही मोठी सायकल स्पर्धा असते. मूळ मार्ग बेटाला वळसा घालणारा ३१२ किलोमीटरचा होता, त्यावरून हे नाव. त्या आठवड्यात हॉटेलं आणि सायकली दोन्ही महिनोन् महिने आधी संपलेल्या असतात. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलो, तरी सायकली जानेवारीतच आरक्षित कराव्या लागल्या.

२. दिशा ठरवा: देवळाच्या उलट

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आपल्या प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. मायोर्काला वळसा घालताना समुद्र उजव्या हाताला ठेवा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट जा. पाल्मा या राजधानीतून निघून आधी पूर्वेला, मग उत्तरेला आणि शेवटी वायव्येच्या डोंगरातून खाली पाल्माला परत.

याची कारणं तीन. स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. त्यामुळे समुद्र उजवीकडे असला की तुम्ही रस्त्याच्या कड्याकडच्या बाजूला असता आणि तुमच्या व पाण्याच्या मध्ये गाड्या येत नाहीत. दुसरं, पहिले चार दिवस सपाट मिळतात. उजव्या बाजूची सवय होते, खोगीर जुळतं, सामान कुठे खडखडतंय ते कळतं. तिसरं, डोंगर येतो तेव्हा पाय तयार झालेले असतात. बरेच जण उत्साहाने पाल्माहून थेट पश्चिमेच्या आंद्राचकडे निघतात आणि पहिल्याच दुपारी सामानासकट घाटात सापडतात. असा एक जर्मन गट आम्हाला उलट दिशेने भेटला. त्यांच्यातल्या एकीचा गुडघा दुसऱ्याच दिवशी सुजला होता.

नावांबद्दल थोडं. पाट्या कॅटलान भाषेत असतात. दोन ‘एल’ शेजारी शेजारी दिसले की ‘य’ म्हणा: पोयेन्सा, सोयेर, युक. शेवटी ‘टीएक्स’ दिसलं की ‘च’: आंद्राच, फेलानिच. रस्ता विचारताना हे फार उपयोगी पडतं.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) लागतो आणि मुख्य मुक्काम स्पेनमध्ये असल्यामुळे अर्ज स्पेनकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण इतका उशीर करूच नका. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा.

जवळ ठेवायचं ते असं:

– पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
– जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण
– बँकेचं खातेपत्रक, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचं पत्र
– किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा
– दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता

शेवटच्या दोघांकडे नीट लक्ष द्या. नऊ रात्री आठ गावांत असं पाहिलं की अर्ज तपासणाऱ्याला प्रश्न पडणारच. म्हणून तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, मुक्काम असा एक पानाचा तक्ता जोडा आणि सायकलच्या आरक्षणाची पावतीही लावा. विमा घेताना त्यात सायकल चालवताना झालेला अपघात धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. स्वस्त विम्यात ‘साहसी खेळ’ या नावाखाली तो वगळलेला असू शकतो.

विमान माद्रिद, बार्सिलोना किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या शहरातून बदलावं लागतं. बार्सिलोनाहून रात्रीची बोटही पाल्माला येते. आमच्या जर्मनीच्या मित्राला तीच आवडली, कारण सकाळी डेकवरून बंदर आणि त्यामागचं कॅथेड्रल हळूहळू जवळ येताना दिसतं.

४. सायकल: इथून नेऊ नका

खोकं, विमानाचं जादा भाडं, वाकलेला डिरेलर हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा लटकते तो पत्रा), हे सगळं टाळा. भाड्यानेच घ्या. फक्त आरक्षण करताना पुढच्या गोष्टी लेखी कळवा.

कॅरियर. आमची सगळ्यांत मोठी चूक इथे झाली. फोटोत देखणी दिसली म्हणून दोघींनी कार्बनची रोडबाइक ठरवली. दुकानात गेल्यावर कळलं की तिच्या फ्रेमला कॅरियर बसवायला भोकंच नाहीत. सायकली बदलून घेण्यात अर्धा दिवस गेला आणि पहिल्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर थांबायचं राहून गेलं. सामान घेऊन फिरायचं असेल तर कॅरियर बसणारी टूरिंग, हायब्रीड किंवा ग्रॅव्हल सायकल मागा. नाहीतर खोगीरामागे बांधायची लांबट पिशवी वापरा आणि सामान सहा-सात किलोंत बसवा.

गिअर. मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक ३४ दात्यांचं मागा. सामानासकट घाटात तेच तारून नेतं.

ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या हाताला. उतारावर घाबरून नेहमीच्या सवयीने दाबाल तो चुकीचा ब्रेक असेल. दुकानात विचारा, काही जण अदलाबदल करून देतात. नाहीतर ताबा घेतल्यावर मोकळ्या मैदानात अर्धा तास फक्त ब्रेक दाबायचा सराव करा.

घरून न्यायचं: स्वतःचे पेडल, बूट, हेल्मेट, आणि सवयीचं असेल तर खोगीरही. निघण्याआधी क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून) खोगीराच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चर किट, हातपंप, ॲलन कीचा संच, पेडलचा पाना, पुढचा-मागचा दिवा. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड अनेक दुकानं घेत नाहीत.

५. सराव: लागोपाठचे दोन दिवस

शंभर किलोमीटर एका दिवसात मारणं आणि पन्नास किलोमीटर नऊ दिवस रोज मारणं यांत फार फरक आहे. तीन महिने आधीपासून शनिवार-रविवार दोन्ही दिवस सायकल काढा. आम्ही शनिवारी बोपदेव किंवा कात्रज आणि रविवारी सिंहगड असं धरलं होतं, शेवटचा महिना पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून. सिंहगडाचा रस्ता न थांबता चढत असाल तर मायोर्कातला कुठलाही चढ तुम्हाला जमेल. तिथले चढ लांब असतात, पण उतारप्रमाण बहुतेक ठिकाणी सात टक्क्यांच्या आसपास राहतं, आपल्यासारखे अचानक छातीवर येणारे टप्पे कमी.

सराव कमी पडतो तो उताराचा. नागमोडी वळणावर आधी ब्रेक, मग वळण, नजर वळणाच्या शेवटाकडे, बाहेरच्या बाजूचा पाय खाली. हे इथेच शिकून जा.

६. दिवसांची आखणी

आमचा मार्ग देते. किलोमीटर अंदाजे आहेत, तुमचे वळसे वाढतील.

*दिवस पहिला:* पाल्मा ते कोलोनिया दे सां जोर्दी, ६०. पाल्माच्या खाडीकाठच्या सायकलमार्गाने बाहेर पडायचं. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तिथले लोक त्याला ‘एम्बात’ म्हणतात, म्हणून लवकर निघा. मुक्कामाच्या जवळ मिठागरं आहेत.

*दिवस दुसरा:* सांतान्यीवरून पोर्तोकोलोम, ४०. सामान खोलीवर टाकून दुपारी फेलानिचजवळचा सान साल्वादोरचा मठ चढलो. टेकडी ५०९ मीटरची, वरून निम्मं बेट दिसतं.

*दिवस तिसरा:* पोर्तो क्रिस्तोवरून आर्ता, ५०. पोर्तो क्रिस्तोला द्राकची लेणी आहेत, म्हणजे चुनखडीतल्या नैसर्गिक गुहा. आत मोठं भूमिगत तळं आहे. प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करा.

*दिवस चौथा:* आर्ता ते पोर्त दे पोयेन्सा, ५५. आल्कुदियाची जुनी तटबंदी वाटेत.

*दिवस पाचवा:* फॉर्मेंतोरचं दीपगृह, जाऊन-येऊन ४०, सामानाशिवाय. अंतर फसवं आहे, चढउतार भरपूर. सकाळी सातला निघा, दहानंतर गाड्या आणि बसेस वाढतात. वाटेत एक अंधारा बोगदा आहे, दिव्याशिवाय शिरू नका. दीपगृह १८६३ सालचं. शेवटच्या टप्प्यात शेळ्या रस्त्यावर येतात.

*दिवस सहावा:* पोयेन्सावरून फेमेनियाची खिंड चढून युकचा मठ, ३० च्या आतच. किलोमीटर कमी आहेत म्हणून पुढे रेटू नका, इथे राहाच. मठात साध्या खोल्या मिळतात. दिवसभर बसगाड्यांची गर्दी असते. पाच-सहा वाजता ती ओसरते आणि आवारात फक्त कारंजं आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. आम्ही कपडे धुऊन कठड्यावर वाळत घातले आणि जवळच्या ऑलिव्हच्या बागेत गेलो. त्या झाडांचे बुंधे पिळलेल्या धुण्यासारखे आहेत, मधूनच आरपार भोक, आणि त्याच पोकळ खोडाच्या टोकाला कोवळी चंदेरी पालवी. नाशिकची मैत्रीण द्राक्षबागेत वाढलेली. तिने एकेका बुंध्यावरून हात फिरवत छाटणी कुठे झालीय ते आम्हाला दाखवलं. सगळ्या प्रवासातली ती संध्याकाळ मला सर्वांत जास्त आठवते.

*दिवस सातवा:* युक ते सोयेर, ३५, आणि सा कालोब्रा केलं तर आणखी २४.

सा कालोब्राबद्दल नीट समजून घ्या, कारण इथेच नवखे फसतात. हा आधी उतरायचा आणि मग चढायचा घाट आहे. मुख्य रस्त्यावरून फाटा घेतला की दोनेक किलोमीटर चढ, मग रेइसच्या खिंडीतून साधारण साडेनऊ किलोमीटर खाली थेट समुद्रापर्यंत. सव्वीस तीव्र वळणं. एका ठिकाणी रस्ता स्वतःच्याच खालून पूर्ण वळसा घालून जातो, त्याला ‘टायची गाठ’ म्हणतात. अंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने १९३२ साली हा रस्ता पूर्ण केला, तोही निव्वळ समुद्रापर्यंत पर्यटक नेण्यासाठी. खाली रस्ता संपतो. परत यायचं तर तेच साडेनऊ किलोमीटर वर, जवळपास ६७० मीटरचा चढ. सोयेरच्या बंदराकडे बोट असते, पण समुद्र खवळला की ती बंद. बोटीच्या भरवशावर उतरू नका.

सामान घेऊनही उतरू नका. फाट्यावर जुना दगडी जलसेतू आहे, शेजारी खाण्यापिण्याची टपरी. दोघांनी तिथे सामान राखलं, दोघं गेले, मग अदलाबदल. अकराच्या आत वर परतायचा बेत ठेवा. त्यानंतर बसेस वाढतात आणि अरुंद वळणांवर श्वास कोंडतो. नंतर मुख्य रस्त्यावर दोन जलाशय, एक बोगदा (दिवे!) आणि मग सोयेरपर्यंत चौदा किलोमीटर सलग उतार. विंडचीटर वरच घाला, खाली पोहोचेपर्यंत बोटं गारठतात.

*दिवस आठवा:* देया, वायदेमोसा, बान्यालबुफारवरून एस्तेयेन्क्स, ५०. कड्यावर दगडी बांधांची पायऱ्या-पायऱ्यांची शेती, चुना-सिमेंटशिवाय रचलेली. हा सगळा डोंगराळ परिसर २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

*दिवस नववा:* आंद्राच, काल्वियावरून पाल्मा, ५५.

कुणाला बरं नसेल तर सुटकेच्या वाटा माहीत हव्यात. मानाकोर आणि इंकाहून पाल्माला रेल्वे आहे. डोंगरात मात्र टॅक्सीच सोयीची, म्हणून प्रत्येक मुक्कामावरून टॅक्सीचा नंबर घेऊन ठेवा. तातडीला ११२.

७. रस्त्यावर

उजव्या बाजूचा धोका गर्दीत नसतो, तिथे इतर गाड्या आपोआप वाट दाखवतात. धोका रिकाम्या रस्त्यावर, विश्रांतीनंतर असतो. दुसऱ्या दिवशी संत्री खाऊन उठलो आणि मैत्रीण सहज डाव्या बाजूने निघाली. समोरून व्हॅन आली, चालकाने वेळेत वेग कमी केला म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही नियम केला: प्रत्येक थांब्यानंतर पहिला निघणारा मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणणार आणि मागचे तिघं तेच म्हणणार. नवव्या दिवसापर्यंत पाळला. चौकातल्या गोलाला घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि आधी डावीकडे बघायचं.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात इयरफोन घालून चालवायला बंदी. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, पण अरुंद घाटात एका ओळीत या. मोटारींनी दीड मीटर अंतर राखायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण तो पाळतात.

फोनवरचा नकाशा ‘मोटार’ प्रकारावर ठेवू नका. तो महामार्गावर किंवा सोयेरच्या मोठ्या बोगद्यात नेतो, तिथे सायकलला बंदी आहे.

८. खाणं

वेळा आधी पाठ करा. दुपारचं जेवण एक ते साडेतीन, नंतर स्वयंपाकघरं बंद, ती थेट रात्री आठला उघडतात. रविवारी खेड्यातली दुकानंही बंद. आर्ताला आम्ही साडेचारला पोहोचलो आणि राजगिऱ्याच्या चिक्कीवर भूक भागवली. चिक्की, भाजलेले शेंगदाणे, खाकरे, लसणाची कोरडी चटणी न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच ठेवा.

शाकाहारी असाल तर सर्वांत मोठा सापळा एन्साइमादा. पिठीसाखर पेरलेली, गोल गुंडाळलेली ही पाव-मिठाई प्रत्येक बेकरीत दिसते. तिच्या नावातला ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी, आणि ती त्यात असतेच. त्याऐवजी पोटभरीला ‘पा आंब ओली’ घ्या: जाड पाव, वर चोळलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, चीज. मागवतानाच ‘सिन हामोन’, म्हणजे हॅम नको, असं सांगा. ‘तुम्बेत’ हा वांगी, बटाटे, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचा थर लावलेला पदार्थ, भरीत आवडणाऱ्याला हमखास आवडेल. सोयेरला संत्र्यांचा ताजा रस प्या, ते अख्खं खोरंच संत्र्यांचं आहे.

९. सोबत्यांशी आधी बोलून घ्या

घरून निघण्याआधी एक संध्याकाळ यासाठीच काढा. आम्ही चार गोष्टी ठरवल्या. चढावर प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं आणि माथ्यावर थांबायचं, मध्येच नाही, कारण चढात थांबवलेल्याला पुन्हा सुरुवात करणं जड जातं. सर्वांत हळू येणारा पोहोचल्यावर लगेच निघायचं नाही, त्यालाही दहा मिनिटं बसू द्यायचं. प्रत्येकी शंभर युरो एका पाकिटात, खाणं-पिणं त्यातून, संपलं की पुन्हा तेवढेच. आणि एखादा टप्पा एखाद्याला नको असेल तर त्याला कारण विचारायचं नाही. शेवटचा नियम सर्वांत जास्त उपयोगी पडला. सा कालोब्राला आमच्या एका सोबत्याने दुसऱ्या पाळीत ‘मी नाही’ म्हटलं, टपरीवर कॉफी घेत बसला, आणि संध्याकाळी सगळ्यांत ताजातवाना तोच होता.

माणसं चार किंवा सहा ठेवा, खोल्या जोडीने मिळतात.

१०. सायकल परत करताना

ताब्यात घेताना फ्रेम, डिरेलर आणि चाकांचे फोटो काढलेले असावेत, परत देताना पुन्हा काढा. अनामत परत मिळाल्याचा संदेश येईपर्यंत पावती फेकू नका. दुकानं दुपारी बंद असतात, म्हणून परत करण्याची वेळ आदल्या दिवशीच पक्की करा आणि विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका. आणि पेडल. नऊ दिवस चालवून ते घट्ट बसलेले असतात, घाईत निघत नाहीत. आदल्या रात्रीच पान्याने थोडे सैल करून ठेवा, डावा पेडल उलट्या आट्याचा असतो हे लक्षात ठेवून. पुन्हा घट्ट करा आणि दुकानापर्यंत चालवत न्या.